खंडेनवमीला चढवलेली दोरी

मूठ वळायची, अंगठा उभा करायचा, आणि ती मूठ धनुष्याच्या मधोमध, हातात धरायच्या जागी टेकवायची. अंगठ्याचं टोक दोरीला जेमतेम लागलं की दोरी बरोबर बसली समजायचं. अंगठा दोरीच्या पलीकडे गेला तर दोरी धनुष्याच्या फार जवळ आहे. पोचलाच नाही तर फार दूर आहे. मुलीच्या सरांनी हे तिला शिकवलं आणि तिने घरी येऊन मला.

जवळची दोरी दूर न्यायची तर तिचं एक टोक काढून पीळ द्यायचा. पिळाने दोरी आखूड होते, बांबू जास्त वाकतो आणि दोरी त्याच्यापासून लांब जाते. पीळ सोडला की पुन्हा जवळ येते. यात कळायला अवघड काही नाही. मी चौथीपर्यंतच शिकले, तरी मला कळलं. हाताला कळायला मात्र वेळ लागतो.

मुलगी तेव्हा बारावीला होती. असोद्याहून बसने जळगावला कॉलेजात जायची आणि तिथल्या मैदानावर धनुष्यबाण शिकायची. धनुष्य एकाच अखंड बांबूचं, सातपुड्यातल्या कारागिराने केलेलं, तिच्या उंचीएवढं. मैदानाचंच होतं ते, पण सरांनी तिला घरी न्यायची परवानगी दिली होती. बसमध्ये आडवं मावायचं नाही म्हणून मी जुन्या लुगड्याची लांब पिशवी शिवून दिली. गल्लीतल्या बाया विचारायच्या, "काय वो, पोरगी आता रानडुकरं मारते का?" मी हसून पुढे जायची. मला उत्तरं सुचतात, पण घरी आल्यावर. माझं माहेर धुळ्याकडचं, बोली अहिराणी. लग्न होऊन आले तेव्हा माझ्या तोंडून 'आहे'ऐवजी 'शे' निघालं की इथली पोरं हसायची. तेव्हापासून कमी बोलायची सवय लागली ती लागलीच.

आमच्या ह्यांना घरात सगळे भाऊ म्हणतात, मुलगीसुद्धा. ह्यांना हा खेळ पहिल्यापासून पसंत नव्हता. ओरडायचे नाहीत, पण धनुष्य ओसरीवर दिसलं की पायाने नाही, हाताने नाही, नुसत्या नजरेने बाजूला सारायचे. त्या वर्षी त्यांनी सांगून टाकलं, "धुळ्याले निवड व्हऊन राह्यली ना? त्याच्यात नाव आलं तं पुढचं पाहू. नई आलं तं बस झालं. ते लाकूड वापस करून द्यायचं."

मुलीने रात्री भाकरी मोडून ताटात तशीच ठेवली.

विभागाच्या संघाची ती निवड दसऱ्यानंतरच्या रविवारी होती.

त्या वर्षी कापूस एकदम फुटला. दोन वेचण्यांच्या मधे श्वास घ्यायला वेळ नव्हता. मजूर मिळत नव्हते, मिळाले तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या शेतात. मी सकाळपासून दिवस मावळेपर्यंत वाकलेली. बोंडाची टोकं नखांच्या कडेला टोचतात, तिथे कातडी फाटते, आणि संध्याकाळी मिरची कुटायची असते. घरी आल्यावर पाठ टेकली की उठवत नसे. तरी मुलगी मैदानावरून आली की म्हणायची, "आई, जरा धर ना." मग मी धनुष्याचं खालचं टोक धरायची आणि ती वरून जोर देऊन दोरी उतरवायची. रोज उतरवायची. उतरवलं की बांबू सरळ होतो, आणि मला उगाच बरं वाटायचं. दिवसभर वाकलेलं काहीतरी घरात सरळ झालं म्हणून असेल.

मग खंडेनवमी आली.

आमच्याकडे नवमीला सकाळी अंगण सारवून घरातली हत्यारं मांडतात. विळे, कोयता, कुऱ्हाड, औताची पास, फवारणीचा पंप, मोटारसायकल. हळदकुंकू, झेंडूची फुलं. एकदा मांडलं की दसऱ्याची पूजा होईपर्यंत काही उचलायचं नाही. मी भाजीसुद्धा आदल्या रात्री चिरून ठेवते.

हे आंघोळ करून आले. सगळं मांडलेलं पाहिलं. मग घरात बघून म्हणाले, "अन् तिचा तीरकामठा?"

मी चुलीपाशी होते. मला वाटलं माझ्या ऐकण्यात काही चुकलं. मुलगी आतून पिशवी घेऊन आली. तिने धनुष्य काढलं आणि विळ्यांच्या शेजारी ठेवलं. दोरी अर्थातच उतरवलेली होती. ह्यांनी जरा वेळ बघितलं.

"असं नई. दोरी चढव."

"भाऊ, चढवून ठेवत नसतात."

"अगं पण ही तं नुसती काठी दिसते. देवापुढे अर्धं हत्यार ठिवतात का?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मला माहीत होतं, सरांनी शंभरदा सांगितलं होतं की काम झालं की दोरी उतरवायची. पण ज्या माणसाने वर्षभर त्या धनुष्याकडे नीट पाहिलं नव्हतं, तो माणूस हातात हळदीकुंकवाची वाटी घेऊन त्याच्यासमोर बसला होता. मी डोळ्यांनीच तिला सांगितलं, राहू दे. एका दिवसाचं काय.

तिने दोरी चढवली. ह्यांनी बांबूला वर, मधे, खाली अशी कुंकवाची बोटं लावली. दोरीच्या मध्यावर हळद लावली, तांदळाचे दाणे चिकटवले. मग झेंडूची माळ घातली. माळ धनुष्यावर छान बसली. मोटारसायकलला घातली होती तिच्यापेक्षा छान.

अंगणात ते दिवसभर उन्हात राहिलं. ऑक्टोबरचं ऊन काय असतं ते सांगायला नको. दसऱ्याला पूजा झाली, पण संध्याकाळी लोक सोनं द्यायला यायचे होते, म्हणून ह्यांनी ते ओसरीवर आणून भिंतीला उभं केलं, चढवलेलंच. जो येईल त्याला आपट्याचं पान द्यायचे आणि म्हणायचे, "आमच्या पोरीचं आहे. धुळ्याले जाऊन राह्यली." कोणी दोरी ओढून सोडून बघायचा. एकजण म्हणाला, "भाऊ, आता जावयानं जपून राह्यलं पाहिजे." सगळे हसले. हेपण हसले. मुलगी आत पाणी भरत होती. तिने ऐकलं आणि तीही हसली, पण भरलेली कळशी पुन्हा नळाखाली ठेवली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हे केळीला पाणी द्यायला गेले. सकाळी कापसावर दव असतं, ओला कापूस वेचत नाहीत, म्हणून उन्हं चढेपर्यंत मला थोडा वेळ असतो. घरामागे मोकळी जागा आहे. तिथे मुलीने चिंध्या आणि केळीची वाळलेली पानं भरून एक पोतं टांगलं होतं. तिने पहिला बाण सोडला. नेहमी 'टप्‌' असा एकच आवाज यायचा, त्या दिवशी 'फट्ट' झालं. बाण पोत्याच्या खाली मातीत गेला. ती हात धरून खाली बसली.

मी धावले. धनुष्य धरायच्या हातावरच्या पट्ट्याच्या खाली, मनगटापाशी, दोरीचा वळ उठला होता. लाल, आणि मधे पांढरा. मी हळद आणायला वळले तर म्हणाली, "हळद नको आता. हळदीनेच झालंय."

तिने मूठ धनुष्याला टेकवली. अंगठा दोरीच्या पुष्कळ पलीकडे गेला. मग दोरी उतरवली. बांबू सरळ झाला नाही. दोन्ही टोकं थोडी आत वळलेलीच राहिली, झोपून उठलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या पाठीसारखी.

तिने आणखी दोन बाण सोडून पाहिले. दोन्ही वेळा लागलं, त्याच जागी. मग तिने धनुष्य जमिनीवर ठेवलं आणि रडायला लागली. मोठ्याने नाही. आमच्या घरात कोणी मोठ्याने रडत नाही.

"सरांना फोन कर," मी म्हणाले.

"मी नाही करणार. ते विचारतील किती वेळ चढवून ठेवलं होतं. काय सांगू?"

सर तेव्हा मोठ्या मुलांना घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेले होते. रविवारच्या आधी येणार नव्हते. मग मीच तिच्याकडून मोबाइल घेतला. परक्या पुरुषाशी मी फोनवर कधी बोललेली नव्हते. बोलायचं सगळं मनात जुळवलं होतं, पण पलीकडून आवाज आला आणि माझं सगळं माहेर तोंडात आलं.

"सर, ती दोरी... ती जवळ येई गई."

"कोण बोलतंय?"

मुलगी रडता रडता हसली. मग मी नाव सांगितलं, तिची आई आहे म्हणून सांगितलं, आणि पूजेचं सांगितलं. लपवलं नाही. मला वाटलं आता चिडतील.

"ताई, देवापुढेसुद्धा उतरवूनच ठेवायचं असतं हो. आता दोन गोष्टी झाल्या असतील. दोरी ताणली गेली असेल, आणि बांबूला वाक बसला असेल. बांबूचं आता काही होणार नाही. दोरीचं तुमच्या हातात आहे."

"मुठीचं माप घेऊन पीळ देऊ का?"

"मुठीपासून सुरुवात करा. पण धनुष्य आता आधीचं राहिलं नाही, त्याला आधीचंच माप लागेल असं नाही. एकदम पीळ देऊ नका. थोडा पीळ, मग बाण. पुन्हा थोडा पीळ, पुन्हा बाण. आणि तिला सांगा, बाण कुठे लागतो ते सध्या पाहू नको, आवाज ऐक. हाताला लागायचं थांबलं की लगेच खूश होऊ नका. तिथून पुढे खरं शोधायचं असतं."

दुसरं धनुष्य मिळेल का ते मी विचारलं. ते म्हणाले, मैदानावर आहे, पण चार दिवसांत हाताशी जुळणार नाही. पोरीचा हात ह्याच्यावर बसलाय.

फोन ठेवला तेव्हा माझा पदर घामाने ओला झाला होता. मग ऊन आलं आणि मी कापसात गेले.

त्या आठवड्यात सकाळ झाली की हेच काम. हे पाण्यावर गेले की आम्ही घरामागे. मी खालचं टोक पायाशी दाबून धरायची, ती वरून बांबू वाकवून दोरीचं टोक सोडवायची, माझ्या हातात द्यायची, मी पीळ द्यायची, ती पुन्हा चढवायची, मूठ लावून बघायची, बाण. माझी फाटलेली बोटं त्या मेण लावलेल्या दोरीवर चुरचुरायची. तिचं मनगट निळं पडलं होतं. कॉलेजात कोणी तरी विचारलं म्हणे, घरी मारतात का. तिने बाहीचं बटण लावून घेतलं.

ह्यांना काही सांगायचं नाही, हे आम्ही ठरवलं नव्हतं. तसं आपोआपच झालं. सांगितलं असतं तर काय झालं असतं? ते चिडले नसते कदाचित. पण पुन्हा त्या धनुष्याला हात लावला नसता. आपल्या हाताने वाईट झालं असं कळलं की हे त्या वस्तूपासून लांब होतात. एकदा त्यांनी लावलेलं लिंबाचं कलम मेलं, तेव्हापासून घरात लिंबाचं झाड नाही.

मुठीच्या मापाला दोरी आली, तरी बाण सोडला की दोरी हाताला चाटून जायची. आणखी पीळ. तरी चाटायची. मग मुलीचा धीर सुटला. तिने माझ्या हातून दोरी घेतली आणि एकदम भरपूर पीळ दिला. दोरीला जागोजागी मुरड पडायला लागली. चढवताना दोघींना जोर लावावा लागला. बाण सोडला. हाताला लागलं नाही. दुसरा सोडला. नाही लागलं.

"झालं, आई!" तिचा चेहरा त्या आठवड्यात पहिल्यांदा उजळला.

मला सरांचं वाक्य आठवत होतं, पण तिला थांबवायचं जिवावर आलं. ती ओढत राहिली. जरा वेळाने तिचा हात थरथरायला लागला. बाण सोडल्यावर धनुष्य हातात झटका द्यायचं. आणि ओढताना बांबूतून बारीक करकर ऐकू यायला लागली, दार जुनं झालं की येते तशी.

नेमके तेव्हाच हे केळीच्या बागेतून आले. चिखलाचे पाय धुवायला मागे वळले आणि आम्हाला पाहून थांबले.

"काय चाललंय दोघी मायलेकींचं?"

"दोरी बघतेय, भाऊ," मुलगी म्हणाली.

ह्यांनी पाय धुतले. धनुष्याकडे बघितलं, दोरी कशी ताठ उभी होती. मग म्हणाले, "पूजा केल्यापासून जोर आला ना त्याले?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं नाही. "हो भाऊ. खूप."

"मंग!" म्हणाले आणि आत गेले. जाताना गळ्यातल्या उपरण्याने तोंड पुसलं, सणाच्या दिवशी पुसतात तसं.

ते गेल्यावर मी म्हणाले, "उतरव. मोडेल."

"पण हाताला लागत नाहीये."

"बांबू रडतोय. ऐकू येत नाही का तुला?"

ती माझ्यावर चिडली. म्हणाली, तुला काय कळतं यातलं. खरं होतं ते, मला काहीच कळत नव्हतं. मी फक्त थकलेली होते, आणि थकलेला आवाज मला ओळखू येतो. ती पाय आपटत आत गेली. मी एकटीच त्या चढवलेल्या धनुष्यापाशी उभी राहिले. एकटीने मला ते उतरवताही येत नव्हतं. बऱ्याच वेळाने ती चहाचा कप घेऊन बाहेर आली, कप माझ्या हातात दिला, आणि न बोलता बांबू वाकवला. मी टोक सोडवलं.

मग परतीचा रस्ता. थोडा पीळ सोडायचा, बाण. पुन्हा थोडा सोडायचा, बाण. करकर थांबली. हातातला झटका कमी झाला. शनिवारी सकाळी, दव अजून होतं, तिने एक बाण सोडला आणि काही ऐकूच आलं नाही. म्हणजे आवाज झाला, पण ओल्या मातीवर माती पडावी तसा. फट्ट नाही, झटका नाही. ती तशीच उभी राहिली. पुन्हा एक सोडला. तसाच.

"हेच का?" मी विचारलं.

तिने मूठ लावली. अंगठ्याचं टोक दोरीला लागत नव्हतं. मधे थोडी फट राहत होती, मुगाचा दाणा जाईल एवढी. तिच्या मुठीपेक्षा तेवढं जास्त, असं त्या बिघडलेल्या धनुष्याचं माप होतं.

"पुन्हा हरवलं तर?" ती म्हणाली.

वळचणीला जळणासाठी पऱ्हाटीच्या, म्हणजे गेल्या वर्षीच्या कापसाच्या वाळल्या झाडांच्या, काड्या रचलेल्या होत्या. मी त्यातली एक सरळ काडी घेतली, बांबू आणि दोरीच्या मधे धरली, आणि विळ्याने बरोबर तिथे छाटली. मधे घातली की दोन्हीकडे टेकायची, पडायची नाही आणि दोरीला ढकलायचीही नाही. तिने ती बाणांच्या भात्यात टाकली.

मग मी कापसात गेले. त्या दिवशी माझं वेचणं सगळ्यांच्या मागे राहिलं. कोणी बोललं नाही.

रविवारी पहाटेच्या बसने आम्ही दोघी धुळ्याला निघालो. हे येणार होते, पण कापसाची गाडी भरायची होती. पारोळ्याच्या पुढे कंडक्टर आमच्या सीटपाशी आला. मुलीच्या मांडीवरून धनुष्य खिडकीला तिरकं लावलं होतं. तो म्हणाला, "अक्का, ह्या बांबूनं तिकीट काढं का?"

मी घाबरून पिशवी चाचपायला लागले. तो हसला. "नही वो, गंमत करी ऱ्हायनू. कथा चालनात?" कुठे निघालो ते विचारत होता.

"पोरनी निवड शे," मी म्हणाले. इतक्या वर्षांनी 'शे' म्हटलं आणि कोणी हसलं नाही.

मैदानावर पुष्कळ मुली होत्या. काहींनी दोरीचं अंतर मोजायला स्टीलच्या पट्ट्या आणल्या होत्या. आमच्या मुलीने भात्यातून काडी काढली. शेजारची एक मुलगी म्हणाली, "अगं हे काय? दात कोरायचं?"

"हो. तुला देऊ? वापरलेली आहे."

त्या दोघी हसल्या, मग त्या मुलीनेच ती काडी हातात घेऊन पाहिली. मी लिंबाखाली इतर आयांबरोबर बसले. एका म्हाताऱ्या बाईने मला विचारलं, "तुन्ही पोर कोणती?" मी दाखवली. ती म्हणाली, "बठ्ठ्यास्मा बारीक तीच शे. खावाले देस का नही?" मी म्हटलं देते, तिच्या अंगाला लागत नाही. एवढं बोलून मला धाप लागल्यासारखं झालं.

बाण कुठे लागतात ते मला लांबून दिसत नव्हतं. मी ऐकत होते. एवढ्या मुलींच्या आवाजात तिचा ओळखू येईना, तरी कुठेच फट्ट झालं नाही, एवढं मला कळत होतं. तिने मधेमधे मनगट पाहिलं नाही. दुपारी ऊन फार झालं तेव्हा तिने एकदा काडी लावून बघितली, दोरी उतरवली, चिमूटभर पीळ दिला, पुन्हा चढवली. एकटीने. तिला माझी गरज लागली नाही, आणि मी उठले होते ती पुन्हा बसले.

संध्याकाळी नावं वाचली. तिचं नाव आलं नाही. मग वाचणाऱ्या माणसाने पुढे राखीव खेळाडू म्हणून एक नाव वाचलं. ते तिचं होतं.

परतीच्या बसमध्ये ती माझ्या खांद्यावर झोपली. मी तिची बाही वर करून पाहिली. वळ पिवळा पडत आला होता. त्याच्यावर नवा नव्हता. मला रडायला येत नव्हतं आणि आनंदही होत नव्हता. घरी गेल्यावर काय बोलणं होईल तेवढंच डोक्यात होतं. एरंडोलच्या अलीकडे माझाही डोळा लागला.

हे दारातच उभे होते.

"काय झालं?"

मुलगी म्हणाली, "राखीवमध्ये आहे, भाऊ."

"राखीव म्हंजे?"

"निवडलेल्यांपैकी कोणी आजारी पडलं, कोणाला जमलं नाही, तर मला बोलावतील."

ह्यांनी विचार केला. मी चपला काढत राहिले. एक चप्पल काढायला केवढा वेळ लागतो.

"म्हंजे नाव घेतलं ना त्याइनं?"

"घेतलं. सगळ्यात शेवटी."

"मंग घेतलंच ना," हे म्हणाले. "चाला, जेवून घ्या. मी खिचडी टाकली आहे." खिचडी खाली लागली होती. आम्ही तिघांनी ती खाल्ली.

कोणी आजारी पडलं नाही. तिला कोणी बोलावलं नाही. पण ते लाकूड परत करायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. ती पहिल्या वर्षाला गेली, मैदानावर जात राहिली. धनुष्याची टोकं आत वळलेलीच राहिली आणि तिचा हात त्याला सरावला. मी कापसातून येऊन खालचं टोक धरत राहिले.

पुढच्या वर्षी पुन्हा खंडेनवमी आली. अंगण सारवलं, हत्यारं मांडली. मुलीने पिशवीतून धनुष्य काढून विळ्यांच्या शेजारी ठेवलं, उतरवलेलं. हे वाटी घेऊन बसले आणि म्हणाले, "दोरी?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं, मागच्या वर्षी पाहिलं होतं तसंच. माझे हात पिठाचे होते. मी दारात येऊन म्हणाले, "नको. राहू द्या तसंच."

"काठी दिसते ना मंग."

"दिसू द्या. चढवून ठेवलं की बांबूला वाक बसतो."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी असं मधे बोलत नाही. मग त्यांनी धनुष्य उचललं, डोळ्यांसमोर आडवं धरलं, औताची दांडी पाहतात तसं एका डोळ्याने पाहिलं. आत वळलेली टोकं त्यांना दिसली. बराच वेळ पाहत होते.

"हा मागच्या दसऱ्याचा आहे?"

मुलीने मान हलवली.

"मले कामून नई सांगितलं?"

मी म्हणाले, "तुम्ही पहिल्यांदाच त्याला कुंकू लावलं होतं."

ते धनुष्य ठेवून उठून जातील असं मला वाटलं. लिंबाच्या कलमाचं मला माहीत होतं. त्यांनी धनुष्य खाली ठेवलं खरं, पण उठले नाहीत. भाता ओढून घेतला, बाण बाहेर काढून ओळीने मांडले, तेव्हा ती पऱ्हाटीची काडी खाली पडली. वाळून काळी पडली होती.

"अन् हे काय?"

मुलीने सांगितलं. काडी कुठे लावायची, कशाला, कधी कापली, सगळं. ते ऐकत होते. मग त्यांनी उतरवलेल्या धनुष्याला वर, मधे, खाली कुंकवाची बोटं लावली. दोरी बाजूला गुंडाळून ठेवली होती, तिला हळद लावली नाही. काडी उचलून विळ्याच्या पात्यावर ठेवली आणि तिलाही एक बोट लावलं.

मी आत गेले. पोळी तव्यावर करपत होती.